ठाकोरजी निजल्यावर

१

लंकेला निघायच्या आदल्या दिवशी मी जामनगरच्या आमच्या गल्लीत सांगत सुटलो होतो, की लोक लंकेतून बायको सोडवून आणतात, मी ठेवायला चाललोय. शेजारचे कांतिभाई पोट धरून हसले. माझी बायको मुक्ता ओट्यावरच थेपल्यांचे डबे बांधत होती. ती हसली नाही. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, माझ्या एकाही विनोदाला ती हसलेली नाही. "जिभेला हाड नाही तुमच्या," एवढं म्हणते आणि हातातलं काम पुढे चालू.

मी ओधवजी, सातवी नापास. पितळेच्या कड्या, बिजागऱ्या आणि किल्लीच्या भोकावर बसवायच्या चकत्या करायचा कारखाना मी काढला, तो आता मुलगा निमेष बघतो. तेव्हापासून माझ्याकडे एकच धंदा उरलाय, लोकांच्या खोड्या काढणे. त्यात खोट कधी आलेली नाही.

साथ संपली संपली म्हणत होते ते दिवस. निमेष म्हणाला, बापुजी, दोन वर्षं घरात कोंडून काढली, चला कुठंतरी. म्हणून आम्ही चौघं निघालो. मी, मुक्ता, निमेष आणि सूनबाई अवनी. डोंगरावर चहाच्या मळ्यांमध्ये एक जुनं हॉटेल होतं. लाकडी जमीन, उंच छत, आणि खिडकीत दिवसभर धुकं. तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताला ताप भरला. सरकारी डॉक्टरीणबाई आल्या, चौघांच्या नाकात काड्या घालून गेल्या. संध्याकाळी निकाल आला. आम्ही तिघं स्वच्छ, मुक्ताला लागण.

"दहा दिवस," बाई म्हणाल्या. "त्यांनी त्यांच्या खोलीत. तुम्ही सगळे बरोबर होता, तुम्हीही आपापल्या खोलीत."

मुक्ता सात नंबरात, मी सहा नंबरात, निमेष-अवनी खाली दोन नंबरात. सहा आणि सातच्या मध्ये एक दार होतं. त्याला दोन्ही बाजूंनी कडी आणि किल्लीचं जुनं भोक. माझ्या बाजूची मी पाहिली, पत्र्याची, हलकी. हॉटेलचे मॅनेजर जयतिस्स यांना मी लगेच म्हटलं, "साहेब, हा माल आमच्याकडं कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात."

ते हसले. मुंबईचे सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत म्हणाले, "हे दार कुणी उघडत नाही सर. कडी चालते."

२

आता मुक्ताचा दिवस सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आम्ही वैष्णव. मुक्ता ठाकोरजींची सेवा करते. ठाकोरजी म्हणजे बाळकृष्ण, त्यांचं बोटभर चौकटीतलं चित्र ती कुठंही गेली तरी बरोबर नेते. त्यांना पहाटे घंटा वाजवून उठवायचं, न्हाऊ घालायचं, खाऊ द्यायचा. बारा वाजता जेवण. मग ते निजतात. बारा ते साडेतीन आमच्या घरात भांडं आपटलेलं चालत नाही. एकदा मी त्या वेळात मुद्दाम शिंकलो, तर मुक्ता चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती. साडेतीनला परत घंटा, मग घर बोलायला मोकळं.

तापातही तिनं हे सोडलं नाही. मधल्या दाराला कान लावला की मला सगळं ऐकू यायचं. पहाटे घंटा. मग खोकला. मग पेल्यात साखर ढवळल्याचा आवाज. बारा वाजता घंटा आणि मग शांतता. तापकरी माणूस तीन-साडेतीन तास खोकला कसा दाबून ठेवतं हे तिलाच माहीत.

साडेतीन झाले की मी खुर्ची दाराला लावून बसायचो आणि सुरू व्हायचो.

"मुक्ता, जिवंत आहेस का? पासपोर्ट दोघांचे माझ्याकडं आहेत, एक विकून टाकू का?"

"घसा दुखतोय हो. बोलायला लावू नका."

"तू नको बोलू, नुसतं हूं म्हण."

पण ती बोलायची. मी बोलतं करायचो. गप्प बसलेल्या माणसाला बोलतं करणं हे माझं आयुष्यभराचं कसब आहे, गल्लीतल्या मुक्या भिकाऱ्याकडूनसुद्धा मी शिवी वदवली होती. चार दिवस मी तिला गप्प बसू दिलं नाही. लग्नातल्या गोष्टी, तिच्या माहेरच्या म्हशी, कोण कोणावर कसं रुसलं. ती दमून दमून उत्तरं द्यायची. मला वाटायचं, एकटी पडलीय, बरं वाटत असेल.

३

पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजता घंटा वाजली.

मी पलंगावर आडवा होतो. उठून बसलो. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग मनगटावरचं. दोन्हीत दोन. ही खाली जेवणाची घंटा असेल म्हणावं, तर आवाज मुक्ताच्या घंटेचाच. तिच्या घंटेच्या कडेला एक बारीक चीर आहे, तो नाद मी झोपेतही ओळखेन. ती माझ्याच कारखान्यातली आहे.

परत वाजली. मग परत. पूजेत वाजते तशी नव्हे. एखादी वस्तू काय काय करते हे बघायला पोर ती हलवतं, तशी.

मी दाराशी गेलो. "मुक्ता? ठाकोरजींना एवढ्यात उठवलं?"

मग दाराच्या अगदी जवळून, "हो. उठवलं."

आवाज तिचाच. घसा मात्र बरा झालेला. मी मनात म्हटलं, ताप उतरला असेल, तापातून उठलेल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही. पटण्यासारखं होतं. मन हलकं करायला मी एक जुना विनोद टाकला. आमच्या वऱ्हाडातल्या जाड्या मामाचा आणि तुटलेल्या खाटेचा. शंभर वेळा सांगितलेला.

मग ती हसली.

हसू कसं असतं, ते पोटातून निघतं आणि तोंडापर्यंत येईस्तोवर वाकडं-तिकडं होतं. हे तसं नव्हतं. तीन सारखे तुकडे, एकामागे एक. आणि थांबलं तेव्हा मला वाटलं, पलीकडचं कुणीतरी वाट बघतंय. बरोबर जागी हसलं का, ते मी सांगावं म्हणून.

४

निमेषला फोन केला. तो खाली दोन नंबरातच होता, पण आम्ही सगळे कोंडलेले, म्हणून फोन.

"तुझी आई हसली," मी म्हटलं.

"छान झालं की बापुजी."

"माझ्या विनोदाला."

"म्हणजे ताप डोक्यात गेला." तो हसला. आमच्यात आईला बा म्हणतात. मग म्हणाला, "अहो, बा झकास आहे. सकाळी फोनवर अर्धा तास बोलली माझ्याशी. आवाज एकदम मोकळा."

"काय बोलली?"

"घरचंच. घराची आठवण येतेय तिला. कोणत्या खोलीत सकाळी ऊन येतं, तिची खाट कुठल्या भिंतीला आहे, किल्ल्या कुठं ठेवतो, रात्री घरात कोण कोण असतं."

"ती तुला विचारत होती?"

"हो."

"निमेष, त्या घरात ती सेहेचाळीस वर्षं राहतेय. किल्ल्या तिच्या कमरेला असतात."

तो म्हणाला, "बापुजी, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, या आजारात आठवण जाते थोडे दिवस. आणि तुम्ही आता सुरू करू नका. हरिद्वारला तुम्ही बा हरवली म्हणून माइकवर पुकारा करायला लावला होता. तीन पोलीस धावत होते आणि बा तुमच्या शेजारी उभी होती."

आता ते मी केलं होतं. नाही म्हणून कसं सांगू.

५

जेवणाची ताटं दाराबाहेर स्टुलावर ठेवून जायचे. खाऊन परत तिथंच ठेवायची. मुक्ता परक्या हातचं खात नाही, त्यामुळे तिचं ताट जसंच्या तसं परत जायचं. ती आपले थेपले आणि कैरीचा गोड छुंदा खायची. जयतिस्स चार दिवस मला विचारत होते, मॅडमला आमचं जेवण आवडत नाही का.

सहाव्या दिवशी मी माझं ताट ठेवायला दार उघडलं, तर सातच्या स्टुलावर तिचं ताट होतं. रिकामं. भात नाही, नारळाची चटणी नाही. कांदा-लसणाची आमटी होती, तीही नाही. मी तोंडाला फडकं लावून दोन पावलं पुढे गेलो. आमटीत दालचिनीचा तुकडा असतो, कढीपत्ता असतो, बाजूला लिंबाची फोड असते. यातलं काही ताटात राहिलं नव्हतं. लिंबाची सालसुद्धा नाही. ताट धुतल्यासारखं लख्ख.

जयतिस्स जिन्याच्या टोकाला उभे होते. "सर, आत जा. नियम आहे." मग खूश होऊन म्हणाले, "मॅडमना आता आवडायला लागलं. आज दोन वेळा मागितलं."

"कसं मागितलं?"

"दारातून बोलल्या. चांगल्या बोलतात. आमची भाषापण शिकतात. कालपासून 'स्तुती' म्हणतात मला." स्तुती म्हणजे त्यांच्याकडं आभार.

मुक्ताला सेहेचाळीस वर्षांत हिंदी आली नाही. सुरतेला गेली तरी परदेशात गेल्यासारखी गप्प बसते.

मी आत येऊन बसलो आणि स्वतःलाच दटावलं. ओध्या, म्हातारा झालास. बायको चार घास जेवली, हसली, आभार मानले, यात घाबरण्यासारखं काय आहे? कोणताही शहाणा नवरा पेढे वाटेल. पण माझे पाय गार पडले होते आणि ते काही ऐकायला तयार नव्हते.

६

मग मी ठरवलं, आपल्याला जे येतं तेच करावं. थाप मारावी.

साडेतीनची वाट बघितली नाही. आता दुपारभर पलीकडे चालण्याचा आवाज यायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी खुर्ची दाराशी ओढली. चालणं थांबलं.

"मुक्ता, आज मला आपली चोरवाडची सहल आठवली," मी म्हटलं. "समुद्रावर तू उंटावरून पडलीस ती."

आम्ही चोरवाडला कधी गेलो नाही. आणि मुक्ता उंटाच्या सावलीतही उभी राहत नाही.

"हो," दारापलीकडून आलं.

"फार लागलं होतं ना?"

"हो. फार लागलं होतं." जरा थांबून, "खांदा अजून दुखतो."

"कुठला गं? मी विसरलो."

"कुठला सांगू?"

डोकं तरीही वकिली करत होतं. आजारी बाई आहे, म्हाताऱ्याच्या मनासारखं बोलतेय, वाद नको म्हणून. असेल. मी तोंड उघडलं, काहीतरी बोलायला, आणि ती परत म्हणाली, "कुठला सांगू, निमेषचे बापुजी? डावा सांगू?"

ती हे बोलत असतानाच खोलीत आत, लांब, पलंगाच्या बाजूला कुणीतरी खोकलं.

बारीक खोकला. उशीत तोंड घालून दाबलेला. ठाकोरजी निजले असताना दाबतात तसा.

दाराजवळचा आवाज बोलतच होता.

७

किल्लीच्या भोकांवर माझं पोट भरलंय. त्या दाराच्या भोकात पलीकडून कापूस कोंबलेला होता. मी बंडीची सेफ्टी पिन सरळ करून तो हळूहळू ओढून काढला. आणि डोळा लावला.

खिडकीतून धुक्याचा पांढरा उजेड येत होता. पलंगापाशी एक बाई पाठमोरी उभी होती. मुक्ताची तपकिरी साडी. आमच्या बायका पदर मागून उजव्या खांद्यावर घेऊन पुढे सोडतात. हिनं डाव्यावर घेतला होता. कुणाला समोर उभं करून, बघून बघून नेसल्यासारखा.

ती वाकली होती. कान पलंगावरच्या कुणाच्यातरी तोंडाशी नेला होता. अगदी जवळ. बहिऱ्या माणसाला हळू बोललेलं ऐकायचं असतं तसा.

पलंगावरचा चेहरा मला दिसेना. पांघरुणाबाहेर एक हात दिसला. मनगटावर हिरवं गोंदण, विंचू आणि तीन ठिपके. तो विंचू मी लग्नात पहिल्यांदा बघितला होता. हात थोडा वर झाला, माझ्या दाराच्या दिशेनं, आणि नाही, नाही म्हणत हलला. दोन बोटं ओठांवर ठेवतो तशी हवेत ठेवली.

मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी दारावर धडका दिल्या. माझ्या बाजूची कडी निघाली, पलीकडची नाही. मी नाव घेऊन ओरडलो. जयतिस्स धावत आले, तोंड-हात झाकून सात नंबर बाहेरून उघडला, आत गेले, बाहेर आले.

"सर, मॅडम एकट्याच आहेत. पलंगावर बसल्यात. बऱ्या आहेत. तुम्हालाच घाबरल्या."

निमेषचा फोन आला. तो रागावला नव्हता, तेच वाईट होतं. थकला होता. "बापुजी, हात जोडतो. आजारी बाईची मस्करी करू नका."

८

दहाव्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरीणबाईंनी सातचं दार उघडलं. आम्ही तिघं पडवीत उभे. मुक्ता बाहेर आली. पदर आता उजव्या खांद्यावर, नीट. चेहरा ओळखीचा, एकेक सुरकुती जागच्या जागी. निमेष पाया पडला, अवनीनं मिठी मारली.

"हात बघू तुझा," मी म्हटलं.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. "थंडी वाजतेय," ती म्हणाली.

"नुसतं मनगट दाखव."

"बापुजी, पुरे," निमेष म्हणाला.

अवनीला मी बाजूला घेतलं. "सूनबाई, घरी गेलात की हिला घराच्या किल्ल्या देऊ नका."

अवनी हसली. "बापुजी, बा बरी झाली त्याचा आनंद पण तुम्हाला सरळ करता येत नाही."

गाडी साडेबाराला निघणार होती. विमान आठवड्याला एकच. माझ्या हातात दीड तास होता आणि विश्वास ठेवणारं कुणी नव्हतं. मी खोलीत गेलो, चहा मागवला आणि निघताना ताप तपासायला दिलेला थर्मामीटर कपात बुडवला. एकशे सहा दाखवायला लागला, तेव्हा झटकून एकशे दोनवर आणला. फार मोठी थाप कुणी घेत नाही.

डॉक्टरीणबाई वैतागल्या. मला ठेवून घ्यावं लागणार होतं. निमेष म्हणाला, मी थांबतो. तेव्हा सातातून बाहेर आलेली ती पदराआडूनच त्याचा दंड धरून म्हणाली, "तू चल. कारखाना आहे. त्यांचं ते बघतील. घर मी सांभाळते."

मी निमेषकडं बघितलं. बेचाळीस वर्षांचा आहे, धडधाकट आहे, शेजारीपाजारी आहेत. खोलीत जी राहिली होती तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी म्हटलं, "जा."

मग जयतिस्सना म्हटलं, "मला सात नंबरातच ठेवा. ती खोली बाटलेलीच आहे, दुसरी कशाला धुवायला लावू तुम्हाला?" माणूस खूश झाला. काठियावाडी हिशोब कुणालाही पटतो. मी आत गेलो, त्यांनी बाहेरून दार ओढलं.

खिडकीतून गाडी जाताना दिसली. मागच्या काचेतून ती खोलीकडं बघत होती, हात अजून पदराखाली.

पलंग रिकामा होता. चादर ओढलेली. मी खाली वाकलो, कपाट उघडलं, काही नाही. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती, तिथं अंधार साचला होता. मी पलंगाच्या भिंतीकडच्या कडेला बसलो आणि सवयीनं मोठ्यानं बोललो.

"मुक्ता, गेले गं सगळे."

त्या फटीतून एक हात आला आणि माझ्या तोंडावर बसला. कढत होता. मनगटावरचा विंचू माझ्या नाकाला लागत होता. तो हात मला गप्प करत होता. एवढा जोर तिच्यात कुठून आला कळेना. मी तो दोन्ही हातांनी धरला. खाली बघितलं नाही. श्वास ऐकला, तो तिचाच होता, एवढंच मला पुरे होतं.

बाहेर जेवणाची भांडी वाजत होती. बारा वाजून गेले होते.

मधल्या दारापलीकडे, माझ्या रिकाम्या सहा नंबरात, आणखी कुणीतरी खुर्ची ओढली. दाराशी आणून लावली. घसा साफ केला.

"मुक्ता," तिथून आलं. पुरुषाचा आवाज, पण जाड, कुणाचाच नसलेला. "गेले गं सगळे."

मुक्ताची बोटं माझ्या गालात रुतली.

"मुक्ता, गेले गं सगळे." आता जामनगरचं वाटत होतं.

मग तिसऱ्यांदा आलं, आणि या वेळी ते माझ्यासारखं इतकं हुबेहूब होतं, की मुक्तानं दचकून माझ्या तोंडावरचा हात काढला आणि फटीतल्या अंधारातून माझा चेहरा चाचपून बघायला लागली.